दुसऱ्याच्या छातीवरची चांदणी

शिंगाड्यांच्या ढिगावर तो माणूस वाकला, त्याच्या छातीवरचे दोन बिल्ले पुढे झुकून हलले, आणि विमलाच्या हातातली पिशवी आपसूक खाली टेकली. झालं ते एवढंच. भंडाऱ्याच्या बाजारात डिसेंबरच्या दुपारी ह्याहून मोठ्या गोष्टी घडतात. बैल उधळतो, कोणाचा खिसा कापला जातो, दोन जावा वीस वर्षांनी समोरासमोर येऊन रडतात. इथे नुसता एक माणूस उकडलेला शिंगाडा नखाने दाबून पाहत होता. अंगावर कडक इस्तरीचा फौजी पोशाख, मिशा मेंदीच्या, बूट असे की त्यात बाजार दिसावा. आज विजय दिवस म्हणून कुठल्याशा शाळेत भाषण करून आला असावा, गळ्यात अजून झेंडूचा हार होता. विमलाच्या शेजारी उभ्या असलेल्या तिच्या नातीच्या, रुचिकाच्या, टाचा एकदम जुळल्या. "आजी, अवो हे आमचे सर! सुभेदार साहेब, कृष्णराव सर!" रोज पहाटे मैदानावर पोरापोरींना भरतीसाठी पळवणारा, ज्याचं नाव घरात सकाळ-संध्याकाळ निघायचं, तो हा. कृष्णरावाने हात जोडले. "ही तुमची नात का, माय? हरिणी हाये पोरगी, हरिणी! भरतीत पह्यली येते का नाई पाहा." विमलाने मान हलवली, पण तिचे डोळे त्याच्या तोंडाकडे नव्हते. एक पितळी रंगाची चांदणी, एक पांढरट गोल. आणि गोल ज्या कापडी पट्टीला लटकला होता तिच्या उजव्या काठाला, नखाएवढ्या जागेत, मरून धाग्याचे बारीक बारीक दात.

"हे कायचे बिल्ले होत जी, साहेब?" तिने विचारलं. आपला आवाज इतका सरळ निघाला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "इकात्तरच्या लढाईचे, माय," कृष्णराव ताठ झाला आणि बाजारातली चार डोकी वळली. "अठरा वर्साचा होतो. समोर बंकर, आतून मशीनगन चालू. बाजूचा जवान पडला. मी हातगोळ्याची पिन दातानं ओढली आन फेकला आत!" शिंगाडेवालीने तराजू धरला तसाच धरून ठेवला. "दातानं जी?" "दातानं." "मंग शिंगाडा बी दातानंच सोला ना साहेब, मले सोललेले कायले मागून राहिले?" लोक हसले, तोही मोठ्याने हसला, हसला तेव्हा चांदणी गोलावर आपटून किणकिण वाजली. तो आवाज विमलाच्या कानात नाही, दातांच्या मुळाशी उतरला. हा आवाज तिने ट्रंकेत ऐकला होता, खुंटीवर ऐकला होता, एका माणसाच्या छातीवर, दारातून आत येताना ऐकला होता. शिंगाडे घेतले, पैसे दिले, रुचिकाने पिशवी उचलली. सगळं तिच्याभोवती होत गेलं.

जवाहरनगरच्या शेअर ऑटोत माणसावर माणूस बसलेला. कोणाच्या तरी मांडीवरची कोंबडी विमलाच्या पदराला टोचत होती आणि रुचिका बंकरची गोष्ट पुन्हा सांगत होती, जणू आजी तिथे नव्हतीच. आजी खरंच तिथे नव्हती. ती मोहाडीच्या माहेरी होती, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या बापाच्या पाठीमागे, जिथे कोशाच्या रेशमी साड्यांना करवतीचा काठ विणला जायचा. दातामागून दात, दातामागून दात, करवत कशी लाकडात शिरते तसा रंगात रंग शिरलेला. ती तिथून सासरी आली, भंडाऱ्याच्या विणकर आळीत, आणि तिचा नवरा चंद्रभान माग सोडून फौजेत गेला. लढाईनंतर दोन बिल्ले घेऊन आला. एका पावसाळ्यात ट्रंकेतल्या पट्टीला उंदीर लागला, काठ कुरतडला गेला, तेव्हा तिने कोशाचा मरून धागा घेऊन सुईने तिथे करवत भरली. चंद्रभान उजेडाकडे धरून पाहत राहिला आणि पोट धरून हसला. "सरकारी पट्टीवर मोहाडीचे दात! आता हे साहेबालेच चावते पाहा." ते दात विमलाने झोपेतसुद्धा बोटाने ओळखले असते. हात तिचे होते ना. पण ती ते आज ओळखूच शकत नव्हती, कारण ते बिल्ले जगात उरलेलेच नव्हते. तिने स्वतः ते वितळवले होते. ऑटो खड्ड्यात आपटला, कोंबडी ओरडली, आणि विमलाला वाटलं, ओरडायचं होतं ते कोंबडीने ओरडून घेतलं, बरं झालं.

तिच्या सासरी एक रीत होती. घरातलं जाणतं माणूस गेलं की त्याचा पाणी प्यायचा गडवा मोडीत घालायचा, नव्या पितळेत मिसळायचा, आणि त्या पितळेचा गुंड, पाणी भरायची घागर, लेकीच्या आंदणात द्यायचा. लेक सासरी पाणी भरते तेव्हा बाप तिच्या कमरेशी असतो म्हणे. चंद्रभान काविळीने गेला तेव्हा त्यांची लेक, रुचिकाची आई तेजस्विनी, लहान होती. तिच्या लग्नाची वेळ आली तेव्हा विमलाने घर धुंडाळलं, तर ह्या माणसाचा गडवाच नव्हता. फौजेतून आल्यावर तो टवके उडालेल्या मगात पाणी प्यायचा, चहाही त्यातच, ताकही त्यातच. मग काय घालायचं? तिने ट्रंक उघडली. दोन्ही बिल्ले पट्टीसकट फडक्यात बांधले आणि मंगरू भांडेकरासमोर जुन्या पितळेच्या ढिगावर नेऊन ठेवले. म्हातारा मंगरू बिल्ल्यांकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. "ठेवून जा, बाई," एवढंच म्हणाला. भट्टीचा जाळ पाहायला ती थांबली नाही. माणूस एकदा जळताना पाहिला होता, तेवढं पुरे होतं. आणि लग्नात, मांडवाच्या कोपऱ्यात, गुंड तेजस्विनीच्या कमरेवर देताना ती पोरीच्या कानाशी लागली होती, यात तुया बाप हाये. तेजस्विनी रडली नव्हती. गुंड उगाच या कमरेवरून त्या कमरेवर घेत राहिली होती, जसं बाळाला घेतात.

आणि आज ते बाळ कोणाचं होतं? जवाहरनगरला लेकी-जावयाच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, नळ आला होता तरी, गुंड फळीवर चिंचेने घासून ठेवलेला असायचा. विमलाने त्याच्यावर तळवा ठेवला. थंड. रोज थंडच असायचा, पण रोज तिला तो थंडपणा माणसाचा वाटायचा, पहाटे बाहेरून आलेल्या माणसाच्या पाठीसारखा. आज नुसतं पितळ थंड होतं. तिला वाटलं आपली नजर चुकली असेल. मरून धागे काय जगात दुसरे नाहीत? चुकली असली तर किती बरं, आणि हे बरं वाटलं की लगेच लाज वाटायची, कारण नजर चुकलेली नाही हे तिला माहीत होतं. तरुणपणी जात्यावर बसून तिने त्याच्यासाठी स्वतःच एक ओवी जुळवली होती, ती आता न बोलावता आली:

दूर देशी गेला राया, बरफात त्याचे पाय
दाणे दळते मी हिते, हात गारठून जाय

बर्फ. चंद्रभानने तिला लढाई कधी सांगितली नाही, सांगितलं ते खच्चर. तो रसदीच्या तुकडीत होता, ओझं वाहणारं खच्चर हाकायचा. डोंगराच्या वाटेने रात्री वर शिधा न्यायचा, उतरताना जखमी आणायचा. त्याची खच्चरी पंजाबची, पण अवघड वळणावर अडली की हा तिचा कान धरून झाडीबोलीत बोलायचा, "चाल वो माय, चाल, घरी मायी बायको वाट पाहून राहिली असन," आणि ती चालायची. "पंजाबच्या खच्चरीले मी भंडाऱ्याची केली," हे तो सांगायचा, आणि ह्यापुढे विचारलं की उठून बाहेर जायचा. बंदुकीपेक्षा कान जास्त धरला त्याने. त्याचे बिल्ले त्या कानाचे होते. आणि बाहेरच्या खोलीत रुचिका बापाला, म्हणजे विमलाच्या जावयाला, हातवारे करून सांगत होती, "दातानं, बाबा! पिन दातानं!"

तेजस्विनीला तिने पोळ्या लाटता लाटताच सांगितलं. लाटणं थांबलं. "म्हंजे या गुंडात बाबा नाई?" "नाई." "दहावीच्या पेपरच्या दिवशी मी रुचीले यातलंच पाणी पाजलं, माय. बाबाचं नाव घेऊन." तेजस्विनी गुंडाकडे पाहत राहिली, मग एकाएकी हसली, वाईट हसली. "पाजलं तं पाजलं. पास झाली ना." तव्यावरची पोळी करपली, ती तिने बोटांनीच उलटली. "हे पाहा माय, तू आता गप राह्य. भरती तोंडावर हाये. पोरगी त्या माणसाच्या शिट्टीवर जीव टाकते. तो खोटा निघाला तं हिचे पायच गळतीन. बिल्ले पाह्यजेन तं गुपचूप मागून आण." विमलाने पिठाचा गोळा उचलला, परत ठेवला. "बिल्ल्याचं नाई वो मले काई. ते गेलेच होते. पण त्यानं तुया बापाले पुसलं. खच्चर पुसली, वाट पुसली, आन त्या जागी बंकर बसवला. आता ह्या घरातली पोरगीच तो बंकर सांगते." "मंग तू का करशीन?" "जाईन." "आन मंग?" विमलाला ते अजून माहीत नव्हतं; पण पाय घालायला चप्पल असली की वाट आपोआप सुचते, हे तिला आयुष्यानं शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कृष्णरावाच्या दारात उभी होती. गल्लीत शिरताच घर सापडलं, कारण विचारलं त्या प्रत्येकाने बोट दाखवताना आदराने आवाज खाली आणला. दारावर पाटी, सुभेदार, निवृत्त. आत मात्र बनियन-लुंगीतला एक म्हातारा बसला होता, खांदे उतरलेले, पायाला तेल चोळत; मिशा नसत्या तर तिने ओळखला नसता. माणसाला पोशाख उभा धरतो की काय, तिच्या मनात आलं, जसा बांबू कारल्याच्या वेलाला धरतो. त्याची बायको रंभाबाई चहा घेऊन आली, गोल, हसरी, कपाळभर कुंकू. "बसा ना माय. आमचे साहेब पोरायसाठी लय करतेत. यायनं तं देशासाठी रक्त सांडवलं, पण एक शब्द बोलून दाखवत नाई घरी." ती आत गेली. विमलाने बशी खाली ठेवली. "गोल बिल्ल्याच्या काठावर नंबर आन नाव कोरलं हाये," ती हळू म्हणाली. "वाचलं का जी कधी?" तेलाचा हात गुडघ्यावर थांबला. तो नाकारेल, ओरडेल, हे तिने वाटेत सगळं धरून ठेवलं होतं. एकेका बोलाला उत्तर तयार होतं. "रोज वाचतो," कृष्णराव म्हणाला. "पालिश करताना."

मग तो बोलत गेला, आतल्या भांड्यांच्या आवाजाकडे एक कान ठेवून. गोंदियाकडचा. जवानीत कामठीला भरतीला गेला तर छाती अर्ध्या इंचाने कमी पडली. दुसऱ्यांदा फुगवून गेला, पुन्हा कमी. राइस मिलच्या फाटकावर चौकीदारीत उमर गेली. जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, त्या धामधुमीत तो इकडे सासुरवाडीच्या आसऱ्याने आला. अंगात चौकीदारीचाच खाकी सदरा होता. चहाच्या टपरीवर कोणी विचारलं, फौजी का जी? "आन मी हो म्हनलं. तेवढंच, माय. त्या एका 'हो'च्या मागं सारं लागत गेलं. आधी टोपी लागली, मंग बूट. मंग कोणी म्हने, मेडल नाई का?" मंगरू भांडेकर मेला तेव्हा त्याचा पोरगा भंगार विकत होता, त्यात हे फडक्यात बांधलेले. "पोरगा सांगे, बुड्यानं भट्टीत टाकले नाई. म्हने, नाव कोरलं हाये, नाव कसं वितळवू? बाईले तोंड कसं दाखवू म्हनून बोलला बी नाई." विमलाने डोळे मिटले. मंगरूचा राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला इतक्या वर्षांनी भट्टी विझल्यासारखं वाटलं. जळला नाही तर. कुठेतरी फडक्यात, अंधारात, आपला होता.

कृष्णराव उठला, आतून रुमालात गुंडाळलेले बिल्ले घेऊन आला आणि तिच्या ओंजळीपुढे धरले. "न्या. आत्ताच्या आत्ता न्या. पण इच्यापुढे नोको, माय. पोरायपुढे नोको." रुमालाच्या फटीतून मरून दात दिसत होते. हात पुढे केला की झालं. ती उठून निघाली असती, ऑटोत बसली असती, तेजस्विनीने सुटकेचा श्वास सोडला असता, रुचिका पळत राहिली असती. किती सोपं होतं. तिचा उजवा हात मांडीवरून उचललाही गेला होता, तो तिने डाव्या हातानं दाबून खाली बसवला. "आन गोष्ट?" ती म्हणाली. "कोनती?" "ज्याचे बिल्ले त्याची. खच्चर हाकत होता तो. शिधा वर न्यायचा, जखमी खाली आनायचा." कृष्णरावाचं तोंड उघडं राहिलं. "खच्चर?" त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख पसरत गेलेलं तिने पाहिलं, जसं कोणी त्याच्याच घरचं काही हिरावलं. "मी समजत होतो... नाव वाचून वाचून मीच ठरवलं होतं, का हा मानूस मोठा लढला असन. तो बंकर मी त्याच्यासाठीच रचला, माय. माझ्यासाठी नाई." "त्याले त्याची गोष्ट होती जी. तुमच्या उसन्या बंकराची त्याले गरज नव्हती." ती उभी राहिली. "उद्या मैदानावर. जिथं खोटं सांगतलं, तिथंच खरं सांगा. बिल्लेही तिथंच घेईन. तुमी नाई सांगतलं तं मी सांगीन." "पोरं पळनं सोडतीन!" "पह्यली माझीच नात सोडन," विमला म्हणाली, "मले मालूम हाये." आतून रंभाबाई ओरडली, अजून चहा ठेवू का?

पहाटे रुचिकाबरोबर आजीही निघाली तेव्हा पोरगी हरखली. "तू मले पाह्यले येऊन राहिली, आजी?" विमला हो म्हणाली, आणि एका 'हो'च्या मागे काय काय लागतं ते तिला जिभेवर कळलं. 'मी सांगीन' हे काल त्याला धाक म्हणून म्हटलं होतं, पण आपलं तोंड उघडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ज्याच्या तोंडून पोरीने खोटं ऐकलं, त्याच्याच तोंडून खरं निघायला हवं, नाहीतर ते आजीचं गाऱ्हाणं होऊन बसेल. मैदानावर धुकं इतकं होतं की पलीकडची झाडं पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती. चुन्याच्या फक्कीने मारलेली रेघ, तिच्यावर हात चोळत उभी असलेली पोरंपोरी, नाकातोंडातून वाफा. आणि धुक्यातून बुटांचा आवाज. कृष्णराव आला तो पूर्ण पोशाखात, टोपीपासून बुटापर्यंत, छातीवर दोन्ही बिल्ले. किणकिण. विमलाला कळून चुकलं. नाही सांगणार हा. रात्रभर विचार करून पोशाखाच्या आत जाऊन लपला. त्याने तिला पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, आणि रांगेला हुकूम दिला, सावधान. त्या आवाजात खोट काही नव्हती, तोच तर घोटाळा होता. आवाज खऱ्या सुभेदाराचा होता. तेव्हा विमला कडेचा दगड सोडून उठली. दवाने भिजलेल्या गवतातून चालत गेली आणि रांगेच्या टोकाला, रुचिकाच्या शेजारी, फक्कीच्या रेघेवर चपला जुळवून उभी राहिली. कोणीतरी फिसकन हसलं. "आजी बी भरतीत हाये का बे?" "अवो आजी, काय करून राहिली तू?" रुचिका दातओठ खाऊन कुजबुजली. विमला समोर पाहत राहिली. कृष्णराव रांग तपासत एकेकापुढून येत होता, कोणाचा खांदा सरळ करत, कोणाची हनुवटी उचलत. तिच्यापुढे आला. तिची हनुवटी आधीच वर होती.

तो थांबला तो थांबलाच. धुक्यात कुठेतरी टिटवी ओरडली. मग त्याने टोपी काढून काखेत धरली, आणि थंडीने आखडलेल्या बोटांनी छातीवरची पिन सोडवायला लागला. पिन निघेना, कापड ओढलं गेलं, शेवटी टरकन फाटलं. "आयका," तो म्हणाला. आवाज सुभेदाराचा नव्हता. कालच्या बनियनमधल्या म्हाताऱ्याचा होता. "हे माझे नाई. मी फौजेत कधी नव्हतो. राइस मिलवर चौकीदार होतो." पुढच्या एका पोराने हसून पाहिलं, साहेब गंमत करतात असं वाटून; त्याचं हसू तोंडावरच उभं राहिलं. कृष्णरावाने गोल बिल्ला डोळ्यांजवळ नेला, पण त्याला वाचायची गरज नव्हती हे विमलाला दिसत होतं. नंबर तोंडपाठ म्हटला. मग नाव म्हटलं, चंद्रभान, आडनावासकट. "ह्यानं खच्चर हाकली. गोळीबारात शिधा वर नेला, मानसं खाली आनली. मी तुमाले जे सांगतलं ते रचलेलं होतं. ह्यानं जे केलं ते मले करता आलं नसतं." त्याने बिल्ले पुढे केले. विमलाने ते घेतले. एवढे हलके होते का हे?

रुचिका आजीकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण ते दुःख नव्हतं, संताप होता. "हे आपले आजोबा ना? तुले मालूम होतं! घरून निघतानी बी मालूम होतं!" "होतं." "आन तू मले नाई सांगतलं?" "मी सांगतलं असतं तं तू मानली असती का?" दोन पोरं रांग सोडून सायकलींकडे गेली. एकाने जाताना फक्कीच्या रेघेवर पाय घासला. कृष्णराव तिथेच उभा होता, सदरा छातीपाशी फाटलेला, टोपी काखेत, कुठे ठेवायची ते न सुचून. "आता मी का करू, माय?" त्याने विचारलं, आणि तो खरंच विचारत होता. विमलाने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. अर्धा इंच. एवढ्याशा अर्ध्या इंचात आयुष्य अडकलेला माणूस, आणि तरी ह्याच माणसाने तिच्या नातीला पळायला शिकवलं होतं, ते काही रचलेलं नव्हतं. क्षमा तिच्या ओठांवर आली नाही, तिने ती ओढूनही आणली नाही. "ती गळ्यातली शिट्टी कोनाची हाये जी?" "शिट्टी? माझीच." "मंग वाजवा. पोरं थंडीत उभी हायेत."

शिट्टी वाजली, अर्धी, श्वास पुरला नाही. कोणी हललं नाही. सायकलींपाशी गेलेले दोघे तिथूनच पाहत होते. रुचिकाने बाहीने नाक पुसलं, डोळे पुसले, खाली वाकून बुटाची नाडी सोडून पुन्हा आवळली. मग पुसट झालेल्या रेघेवर येऊन उभी राहिली. आजीकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेही नाही. "टाइम लावा," ती म्हणाली. सर म्हणाली नाही. कृष्णरावाने खिसा चाचपला, घड्याळ काढलं, अंगठा बटणावर ठेवला, आणि ह्या वेळी शिट्टी पूर्ण वाजली, मैदान कापत गेली. रुचिका सुटली. तिच्यामागे एक, मग तीन, मग सगळी रांग धुक्यात शिरली, आणि बराच वेळ नुसता पायांचा आवाज येत राहिला.